फार्स नव्हे, फारस

परवा जळगावला वाचनालयात बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरच्या एका तरुण वकिलानं वर्तमानपत्र टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "चौकशी कसली, नुसता फार्स आहे." कोणती चौकशी ते मी विचारलं नाही. हल्ली चौकश्या, परिषदा आणि समित्या इतक्या झाल्या आहेत की नाव विचारून उपयोग नसतो. मी एवढंच विचारलं, की तिथं कोणी हसलं का? तो म्हणाला, नाही. मग तो फार्स नसेल, दुसरं काहीतरी असेल, असं म्हणून मी चष्मा मिटला. म्हाताऱ्याला चळ लागला की काय, अशा नजरेनं त्यानं मला दारापर्यंत पोचवलं.

या वार्षिकाचे संपादक तिथंच मागं बसले होते. तुमच्या नोकरीबद्दल काही लिहा, असा त्यांचा धोशा बरेच दिवस होताच. आता तुम्ही एका शब्दावर वकिलाला अडवलंत तर त्याचा खुलासा करा, म्हणाले. म्हणून हा खुलासा. माझी सगळी नोकरी लिहायची तर ती मलाच वाचवणार नाही.

मी प्रांतसाहेबांच्या कचेरीत कारकून होतो. कागदावर कारकून, कामानं दुभाष्या. त्या वेळचे बहुतेक प्रांतसाहेब विलायतेहून आलेले तरुण गोरे अंमलदार. मराठीची परीक्षा देऊन यायचे, पण ती मराठी पुस्तकातली. धुळ्याच्या किंवा जळगावच्या कचेरीत ती कशीबशी चाले. हिवाळ्यात तंबू घेऊन स्वारी तालुक्यात निघाली, आंब्याखाली कोर्ट भरलं आणि समोर खेड्यातला माणूस उभा राहून 'शे' आणि 'व्हता' बोलू लागला, की साहेबांची मान माझ्याकडे वळे. माझं आजोळ अमळनेरकडचं. मी अहिराणी दुधाबरोबर प्यालेला आणि इंग्रजी छड्यांबरोबर. रावेर-यावलकडे गेलं की बोली आणखी बदले, तीही मी कान देऊन शिकलो होतो. याचा मला गर्व होता. आजही आहे, लपवत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, दुभाष्याला कठीण शब्दांची भीती वाटत असेल. कठीण शब्दांचं काही नाही. साहेब थांबतात, आपण सांगतो, काम पुढं जातं. घात करतो तो साहेबाला आधीपासून ठाऊक असलेला शब्द. एका साहेबांना मुन्शीनं हिंदुस्थानी छान शिकवली होती. मारामारीच्या खटल्यात साक्षीदार म्हणाला, "बठ्ठा तठेच व्हतात." म्हणजे सगळे तिथंच होते. मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी लिहून टाकलं, की आरोपी तिथं बसलेले होते. बठ्ठा म्हणजे बैठा, यात विचारायचं काय? पुढं आरोपीचा वकील उभा राहिला आणि विचारू लागला, की बसल्या बसल्या एवढ्या लांब काठी पोचली कशी. तो बठ्ठा उठवून उभा करायला मला सबंध दुपार लागली.

दुसरी गोष्ट या कामात पाळावी लागते ती अशी, की माणूस जे बोलेल ते सगळं पलीकडे पोचवायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही. तशी शपथच असे. पहूरचा एक म्हातारा साक्षीला आला, तो माझ्या मामाच्या ओळखीचा निघाला. साहेबांनी विचारलं, चोरी कधी झाली. म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमना मामा कसा शे?" आता हेही बोलणंच. मी साहेबांना सांगितलं, की साक्षीदार माझ्या मामाची चौकशी करतो आहे. साहेबांना कटाचा वास आला. त्यांनी मामाचं नाव, गाव, धंदा सगळं विचारून घेतलं आणि शेवटी, मामा कसा आहे, हेही विचारलं. बरा आहे, म्हणालो. म्हाताऱ्याला कळवलं, मग त्यानं चोरीची हकीकत सांगितली.

मात्र न बोललेल्याचं काय करायचं, हे शपथेत नव्हतं. खेड्यात साहेबांची स्वारी आली की लोक वर्तुळ करून उभे राहत. साहेब विचारत, काही तक्रार? वर्तुळ गप्प. साहेब माझ्याकडे बघत. मग पीक बरं आहे, तक्रार नाही, असं आमच्यापैकी कोणीतरी म्हणे आणि घोडे पुढं निघत. सगळ्या कचेऱ्यांत हीच रीत होती.

आता त्या शब्दाकडे येतो.

माझ्या लहानपणी धुळ्या-जळगावात नाटक कंपन्या येत. मुख्य नाटक पौराणिक. ते संपता संपता प्रेक्षक पेंगायला लागलेले असत. त्यांना जागं करून हसवून घरी पाठवायला मागाहून एक छोटं, वेडंवाकडं नाटक करत, त्याला फार्स म्हणत. एकात एक गृहस्थ स्वतःच्या कोटाला पाटावर बसवून जेवू घालतो आणि कोट जेवत नाही म्हणून बायकोवर रागावतो, असं काहीतरी होतं. त्याला अर्थ नव्हता. पण माझे वडील आयुष्यात मोठ्यानं हसलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

कापसाच्या गाड्या घेऊन जळगावला आलेले शेतकरी सरकी काढायच्या जिनात आपली पाळी येईपर्यंत मुक्काम करत. तेही हे बघत आणि गावी जाऊन करून दाखवत. गावात सोंगं आधीपासून होतीच. त्यांना आता नवं नाव मिळालं. जोडाक्षर गाडीत हिसके खाऊन सुटं झालं आणि फार्सचा फारस झाला. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी तर असं झालं की जत्रेत देवापुढं एकाला एक जोडलेल्या बारागाड्या ओढल्या की विचारत, यंदा फारस कोणता? तिकडच्या बायाबापड्यांना हा शब्द इंग्रजी आहे असं सांगितलं असतं तर त्यांनी तोही फारसच मानला असता.

पहिली जर्मन लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. त्या वेळचे आमचे साहेब तरुण, सरळ आणि जरा शब्दाला चिकटून बसणारे. कार्तिकात आम्ही पीकपाहणीला त्याच भागातल्या एका गावी गेलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून ओळखीची आहेत. संध्याकाळ होती, ऊन समोरून डोळ्यावर येत होतं. साहेबांचा घोडा पुढं, गावचा जागल्या वाट दाखवायला त्याच्याबरोबर, आणि मी माझ्या तट्टावर बराच मागं. मी ज्वारीच्या एका शेताशी पोचलो तेव्हा साहेब बांधावरून वळून येत होते आणि चेहरा उतरलेला होता. म्हणाले, त्या पाटलाला मी दोनदा रामराम केला, पिकाचं विचारलं, पण तो मग्रूर माणूस बोलत नाही. मी तिकडे बघितलं. फाटका कोट, डोक्याच्या जागी मडकं, त्याला गुंडाळलेला पांढरा पटका. बुजगावणं होतं.

मी काही बोललो नाही. साहेबांचं म्हणणं लोकांना सांगायला मी होतो; साहेबांचं चुकलं हे साहेबांना सांगायला मला दुभाष्या कुठून मिळणार? जागल्याही काही बोलला नाही. मात्र तो तंबूत नाही बोलला, एवढंच. सकाळपर्यंत गावातल्या रांगत्या पोरालाही सगळं माहीत होतं.

पौषात त्या गावची जत्रा भरली आणि त्या सालचा फारस दगडूनानानं बसवला. दगडूनाना तिथला शेतकरी, चाळिशीचा, उंच, बोलायला सावकाश. फारसात साहेब घोड्यावर बसून येतो, म्हणजे दोन पोरांच्या पाठीवर. डोक्यावर टोपी म्हणून अर्धा कापलेला, चुन्यानं पांढरा केलेला वाळका भोपळा. साहेब बुजगावण्याची जबानी घेतो. तुझं नाव काय? बुजगावणं गप्प. पीक कसं आहे? गप्प. मग शेजारी उभा असलेला दुभाष्या वाकून सांगतो, "साहेब, तो म्हणतो, पीक बेस आहे, काही तक्रार नाही." असे दहा प्रश्न, दहा वेळा गप्प आणि दहा उत्तरं. शेवटी साहेब खूश होऊन बुजगावण्याला पाटीलकी देतो.

हे पुढं मला कळलं तेव्हा राग आला. साहेबाचा भाग खरा होता, पण मी तर तिथं तसं बोललोच नव्हतो. फुकट मला गोवलं.

त्या भागाच्या फौजदाराला मात्र तक्रारीला तेवढं पुरलं. सरकारी अंमलदाराचं सोंग घेऊन बेअब्रू केली, लोकांची मनं कलुषित केली, अशी फिर्याद आली. दगडूनानाला तुरुंग द्यावा आणि त्या जत्रेतली सोंगं कायमची बंद करावीत, अशी त्याची मागणी होती. माघात चोपड्याच्या मुक्कामी आंब्याखाली खटला उभा राहिला. खटला चालवणारे आमचेच साहेब. टेबलावर मुद्देमाल म्हणून तो भोपळा ठेवलेला. नानाच्या शेतात कापूस झाडावर लोंबत होता आणि घरात कर्ता तो एकटाच. त्याची बायको अंगणात, म्हणजे तंबूच्या दोरापलीकडे, पदर तोंडाशी धरून बसली होती.

साहेबांनी विचारलं, सरकारची टवाळी केली, हे कबूल आहे काय? मी ते नानाला सांगितलं. नानानं भोपळ्याकडे बघितलं, फौजदाराकडे बघितलं, आणि हात फिरवून सावकाश म्हणाला, "साहेब, हाई बठ्ठं फारस शे."

साहेबांची लेखणी थांबली. मी भाषांतराला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. त्यांना गरज नव्हती. सबंध वाक्यातला एकच शब्द त्यांना कळला होता आणि तो पुरेसा होता. कान लाल झाले. इंग्रजीत म्हणाले, कोर्टाला भर कोर्टात फार्स म्हणणं हा वेगळा गुन्हा आहे, हे या माणसाला ठाऊक आहे का? फौजदार हळूच खुर्चीत नीट बसला.

मी म्हणालो, साहेब, हा शब्द इकडं वेगळा आहे. साहेब म्हणाले, हा शब्द माझ्या भाषेतला आहे, तो मला माझ्या आईनं शिकवला आहे. आता यावर काय बोलावं? साहेबाला परका शब्द समजावून सांगायचा मला पगार होता. त्याचाच शब्द आमच्याकडे येऊन, जत्रा बघून, निराळा होऊन बसला आहे, हे कसं सांगायचं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. तरी नाटक कंपनी, जिनातल्या गाड्या, जत्रा, सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला. त्याला विचार, सगळं म्हणजे काय? जत्रेतलं की इथलं?

खरं सांगायचं तर मलाही नक्की कळलं नव्हतं. त्याचा हात फिरला होता तो भोपळ्यावरूनही फिरला होता आणि फौजदारावरूनही. मी विचारलं, "नाना, बठ्ठं म्हंजे कोणतं? जत्रानं का आठेनं?" आणि मनात म्हटलं, बाबा रे, एक शब्द नीट बोल.

नानानं विचार केला. मग म्हणाला, "जत्रानं, भाऊसाहेब. आठे हासाले परवानगी कोठे शे?"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं: जत्रेतलं, इथं हसायला परवानगी कुठे आहे? साहेब लेखणी खाली ठेवून म्हणाले, त्याला म्हणावं, तो फारस काय होता ते पहिल्यापासून सांग.

नाना सांगू लागला, मी पोचवू लागलो. दोन पोरांचा घोडा झाला. टोपी झाली, तेव्हा साहेबांनी भोपळा उचलून आतून बाहेरून पाहिला. बुजगावणं आलं तेव्हा साहेबांचा हात भोपळ्यावर तसाच राहिला. मला वाटतं, त्याच क्षणी त्यांना कार्तिकातला तो मग्रूर पाटील आठवला. नाना तेवढ्यात थांबला आणि माझ्याकडे वळून, अगदी अदबीनं म्हणाला, "आते पुढलं तुमनं शे. सांगू का?"

शपथ ती शपथ. मी हेही साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, सांगू दे. मग नाना माझी नक्कल माझ्यासमोर सांगत गेला आणि मी ती साहेबांना देत गेलो. तो म्हणतो पीक बेस आहे, काही तक्रार नाही. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल कोण जाणे, पण त्या दिवशी ते जिभेवरून उतरायला तयार नव्हतं. पट्टेवाला तंबूच्या खांबाकडे तोंड करून उभा होता.

साहेबांनी विचारलं, आणि बुजगावणं काय म्हणालं?

"काही नही बोलनं," नाना म्हणाला. "बुजगावणं शे ना ते."

साहेब उठले. आपल्या परीक्षेच्या मराठीत, मला न विचारता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संध्याकाळ होती. सूर्य माझ्या डोळ्यांत होता." आणि जेवायला आत निघून गेले.

तोपर्यंत फौजदाराला हे ठाऊक नव्हतं, की फारसातला साहेब खरोखरच घडलेला आहे आणि तो याच खुर्चीत बसला आहे. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. नाना आंब्याच्या मुळाशी बसला होता. बायकोनं फडक्यातली भाकरी पुढं ठेवली होती, तिला त्यानं हात लावला नव्हता. मला बघून उठला. "साहेब रागे भरना का?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. साहेब माणूस चांगला होता, पण चांगल्या माणसाला सगळ्यांदेखत असं वाक्य बोलावं लागलं की तो काय करील याचा नेम नसतो. मी तंबूकडे बघत राहिलो आणि नाना माझ्याकडे.

जेवणानंतर साहेबांनी निकाल सांगितला आणि त्याची मराठी प्रत मी केली. त्यातला एवढा भाग मला पाठ आहे: 'या तालुक्यात फारस म्हणजे, हसण्यास परवानगी असलेल्या जागी केलेले सोंग. आरोपीने ते तशाच जागी केले. ही जागा तशी नव्हे, हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. सबब त्यास सोडण्यात येत आहे. मुद्देमाल परत द्यावा.' आमच्या प्रांतात एखाद्या शब्दाचा अर्थ कोर्टानं निकालात लिहून दिल्याचं मला हे एकच उदाहरण ठाऊक आहे. भोपळा साहेबांनी स्वतः नानाच्या हातात दिला.

नानानं जाता जाता विचारलं, पुढल्या सालले करू ना? मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, करा, पण दुभाष्याचं काम जरा कमी करा, त्याला वाईट वाटलेलं दिसतं. हे मी नानाला पोचवलं. तेवढं एक वाक्य गाळावंसं वाटलं होतं.

साहेब पुढं बदलून गेले. मी पेन्शनीत निघालो त्या सालच्या पौषात दगडूनानाचा निरोप आला, जत्रेला या. गेलो. नाना आता पिकला होता, पण उंची तशीच. बारागाड्या ओढून झाल्यावर, दिवस मावळायच्या आत, पारावर फारस मांडला. तोच. इतक्या वर्षांत तो बंद पडला नव्हता. भोपळाही तोच, फक्त चुना नवा. नाना स्वतः बुजगावणं होणार होता आणि त्यानं मला दुभाष्या व्हायला सांगितलं. गाव आग्रहाला पेटलं, तेव्हा मी कोट चढवून पारावर गेलो. काम काय, पाठच होतं.

साहेब झालेल्या माणसानं विचारलं, याला विचार, पीक कसं आहे? मी वळलो. नानानं दोन्ही हात आडवे केलेले, डोक्यात डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेलं मडकं. त्या भोकांतून तो माझ्याकडे बघत होता. आणि मला ती सगळी वर्तुळं आठवली, रावेरपासून चोपड्यापर्यंतची, गप्प उभी असलेली, माझ्याकडे बघणारी. साहेबानं पुन्हा विचारलं, काय म्हणतो तो?

माझ्या तोंडून निघालं, "साहेब, तो काहीच बोलला नाही."

कोणी हसलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भोपळावाल्या साहेबाला पुढचं वाक्य सुचेना. मलाही सुचेना. कोटाची बटणं चाचपत मी नुसता उभा होतो. तेवढ्यात मडक्यातून नानाचा आवाज आला, हळू, माझ्यापुरताच, पण मडक्यानं तो सगळ्या गावाला ऐकवला:

"भाऊसाहेब, तुमीन फारस बिघाडी टाका."

मी फारस बिघडवला म्हणून बुजगावणंच बोललं म्हटल्यावर गाव जे हसत सुटलं ते थांबेना. घोड्याची दोन्ही पोरं साहेबासकट कोसळली. नाना मडक्याच्या आत हसत होता, तो आवाज घुमत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं हे मला सांगता यायचं नाही, पण मीही हसत होतो. तिथं परवानगी होती.